मांजरीला उपास झेपत नाही

आमच्या वडनेरात 'मांजर पाळलं' असं सहसा कुणी म्हणत नाही. मांजर असतं, एवढंच. घरात कापूस भरला, तुरीची-गव्हाची पोती रचली की उंदीर येतात आणि उंदरांच्या मागोमाग मांजर येतं. सकाळी एका घरी दुधाची वाटी, दुपारी दुसऱ्या घरी पोळीचा तुकडा आणि रात्री तिसऱ्याच्याच कोठ्यात मुक्काम. तीन घरची पाहुणी ती! त्यामुळे ती आज जेवली की नाही, हे कुणाला ठाऊक नसतं आणि कुणी विचारतही नाही.

पण मैत्रिणींनो, गेल्या काही वर्षांत आपली घरं बदलली. मातीच्या भिंती जाऊन स्लॅब आला, कोठे रिकामे झाले, मुलं शिकायला नागपूर-पुण्याला गेली. मागे घरात उरते ती एखादी बाई आणि तिच्या पायात घोटाळणारं मांजर. मग त्या मांजराचे लाड सुरू होतात. चहाबरोबर बिस्कीट, सायीचं दूध, तूप लावलेली पोळी. उंदरामागे धावणं संपतं आणि मांजर चांगलं गोल गरगरीत होतं. येणारी-जाणारी म्हणते, "कशी गुटगुटीत आहे हो तुमची मनी!" आपल्यालाही बरं वाटतं.

हीच गुटगुटीत मनी एक दिवस खायचं सोडते, आणि आपण म्हणतो, "राहू दे, भूक लागली की खाईल." जनावराच्या बाबतीत हा आपला जुना अनुभव आहे. गाय-म्हैस एखादा दिवस चारा कमी खाते, कुत्रं दोन दिवस तोंड फिरवतं, पुन्हा ताळ्यावर येतं. मांजराच्या बाबतीत मात्र हे 'खाईल तेव्हा खाईल' जिवावर बेतू शकतं. का ते सांगते.

माझ्या यजमानांच्या आत्या आमच्या दोन घरं पलीकडे राहतात. वय सत्तरीच्या पुढं, एकट्याच. मास्तर गेल्यापासून त्यांची पेन्शन आणि ढमी नावाची मांजर, हाच त्यांचा संसार. नावाप्रमाणेच ढमी सहा किलोच्या घरात गेलेली. साधारण मांजर साडेतीन ते पाच किलोचं असतं, त्यावरून अंदाज करा. आत्याबाईंनी मागच्या खोलीचं स्लॅबचं काम काढलं. दिवसभर मिक्सरची घरघर, मजुरांची ये-जा, सिमेंटची धूळ. ढमी जी दिवाणाखाली जाऊन बसली ती बाहेर येईना. दूध ठेवलं, दूध तसंच. अंडं उकडून ठेवलं, ते मुंग्यांनी नेलं. काम संपलं, घर शांत झालं, तरी तिचं तोंड फिरवलेलंच. मग उलट्या सुरू झाल्या आणि तोंडातून लाळ गळायला लागली. पाठीवरून हात फिरवला तर मणका हाताला लागत होता, पोट मात्र तसंच लोंबतं. पाचव्या की सहाव्या दिवशी दूधवालीनं तिला उन्हात पाहिलं आणि म्हणाली, "काहून व आत्याबाई, ढमीचे डोये पिवये दिसून राहिले."

डोळेच नाही, कानाची आतली बाजू, हिरड्या, टाळू, सगळं हळद लावल्यासारखं. कावीळ!

काविळीचं नाव निघालं की आपल्याकडे उपायांना तोटा नाही. एकीनं माळ घालायला सांगितली. कुणी कडू दोडक्याच्या रसाचे थेंब नाकात टाकायला सांगितले. (हा प्रकार माणसांतही फार घातक आहे, नाकाच्या आतली त्वचा जळते. मांजराला तर चुकूनही नको.) एका औषधाच्या दुकानातून सल्ला मिळाला, "अंग गरम लागत असेल, तापाची अर्धी गोळी दुधात घालून द्या." ही गोळी ढमीच्या पोटात गेली नाही हे तिचं नशीब. त्याबद्दल पुढे सविस्तर लिहिते, कारण ती माहिती प्रत्येक मांजरवाल्या घरात हवी.

आपल्याकडे ज्याला 'ढोरांचा दवाखाना' म्हणतात, तिथल्या डॉक्टरांनी हिरड्या पाहिल्या आणि ताबडतोब नागपूर गाठायला सांगितलं. वडनेरहून नागपूर म्हणजे हैदराबाद रस्त्यानं हिंगणघाट ओलांडून शंभरेक किलोमीटर. भाच्याची गाडी, टोपलीत ढमी, टोपलीवर आत्याबाईंचा जुना लुगड्याचा तुकडा. घरात कुरबूर झालीच. "एका मांजरीपायी एवढा पैसा घालते का कोणी?" आत्याबाईंनी एकच विचारलं, "गोऱ्ह्याले दवाखान्यात नेता तवा इचारता का असं?" यावर कुणी काही बोललं नाही. गोऱ्हा शेतात कामाला येतो, असं म्हणता आलं असतं. पण एकट्या बाईच्या घरात मांजर काय काम करतं, हे तिथल्या प्रत्येकाला ठाऊक होतं.

रक्ताची तपासणी झाली, सोनोग्राफी झाली आणि निदान आलं ते 'हिपॅटिक लिपिडोसिस'. म्हणजे यकृतात चरबी साठणं. 'फॅटी लिव्हर' हा शब्द आता आपल्या ओळखीचा आहे, कुणाच्या ना कुणाच्या यजमानांच्या रिपोर्टवर तो असतोच. पण माणसाचं फॅटी लिव्हर वर्षानुवर्षं हळूहळू होतं आणि बहुधा जास्त खाण्यानं होतं. मांजरीचं होतं उपाशी राहण्यानं, आणि काही दिवसांतच.

हे मला आधी पटेना. उपाशी राहिल्यावर चरबी कमी व्हायला हवी, यकृतात साठते कशी? डॉक्टरांनी समजावलं, आणि मला आपल्या हिंगणघाटचा कापसाचा हंगाम आठवला. जिनिंगच्या आवारात गाड्यांमागून गाड्या येत असतात. आत कापूस पिंजून गाठी बांधल्या जातात आणि गाठी ट्रकनं बाहेर जातात. आता समजा, बाहेर नेणारे ट्रकच बंद झाले आणि गाड्या मात्र येतच राहिल्या. आवार भरेल, मग गोदाम भरेल, शेवटी मशीनपाशी उभं राहायला जागा उरणार नाही. मांजर उपाशी राहिलं की अंगावरची चरबी सुटून यकृताकडे धावते, कारण शरीराला इंधन हवं असतं. यकृतानं ती चरबी प्रथिनांच्या वेष्टनात बांधून पुढे पाठवायची असते. पण ही प्रथिनं यायची कुठून? ती तर खाण्यातून येतात, आणि खाणं बंद. म्हणजे ट्रक बंद. चरबी यकृताच्या पेशींत भरत जाते, पेशी फुगतात, पित्ताच्या बारीक वाटा दाबल्या जातात आणि पित्त रक्तात उतरतं. ती कावीळ. यकृत बिघडलं की मळमळतं, मळमळलं की आणखी खाणं नको होतं. असा हा फेरा.

जेवढं मांजर लठ्ठ, तेवढ्या गाड्या जास्त. म्हणून हा आजार गुटगुटीत मांजरांना आधी गाठतो. काहींना दोन-तीन दिवसांच्या उपाशीपणानं, काहींना आठवड्या-दोन आठवड्यांनी.

आपण हरतालिकेला पाणीसुद्धा न पिता दिवस काढतो आणि दुसऱ्या दिवशी कामाला लागतो. आपल्या शरीराला जेवणावाचून काटकसर करता येते. मांजराच्या शरीराला ती जमत नाही. निसर्गानं ते निव्वळ मांसाहारी बनवलं आहे. उंदीर, चिमणी, सरडा असे छोटे छोटे घास, दिवसातून अनेकदा. त्यामुळे प्रथिनं जाळण्याची त्याची भट्टी कायम पेटलेली असते. खाणं नसलं तरी ती मंद होत नाही, मग ती अंगाचंच मांस जाळते. ढमीचा मणका हाताला लागला तो यामुळे.

पशुवैद्यकाला हा आजार तसा उशिराच नीट कळला. उपाशी राहणं आणि यकृतातली चरबी यांचा संबंध दाखवणारा तीन मांजरींचा वृत्तांत अमेरिकेतल्या एका नियतकालिकात १९७७ साली आला. सुरुवातीला यातून फार थोडी मांजरं वाचत. पुढे डॉक्टरांच्या लक्षात आलं की यावरचं खरं औषध म्हणजे अन्नच आहे. ते मांजराच्या मर्जीवर न सोडता नळीनं पोटात घालायचं. वेळेवर नळी घातली तर आता बहुतेक मांजरं बरी होतात. वाट पाहत बसलं तर बहुतेक दगावतात.

ढमीला भूल देऊन मानेच्या बाजूनं एक बारीक रबरी नळी अन्ननलिकेत बसवली. ऐकायला भयंकर वाटतं. आत्याबाई तर पदर डोळ्याला लावून बाहेर बसल्या होत्या. पण गळ्याभोवती पट्टी बांधल्यावर मांजराला त्या नळीचा फारसा त्रास होत नाही, हे आम्ही डोळ्यांनी पाहिलं. उलट्या थांबवायची औषधं, सलाइन, जीवनसत्त्वाची इंजेक्शनं झाली. पहिल्या दिवशी अन्न अगदी थोडं, गरजेच्या पाव भागाइतकंच. मग तीन-चार दिवसांत वाढवत न्यायचं. फार दिवस उपाशी असलेल्याला एकदम भरपेट खाऊ घातलं तर रक्तातले क्षार कोसळतात आणि त्यानंच मांजर जाऊ शकतं. आपली आजी लांबच्या आजारातून उठलेल्याला आधी पेजेचं पाणी द्यायची, तसंच काहीसं हे आहे.

घरी आल्यावर खरी कसोटी. दिवसातून पाच-सहा वेळा पातळ केलेलं अन्न कोमट करून, सिरिंजनं हळूहळू नळीत सोडायचं. आधी थोडं पाणी, नंतर थोडं पाणी, नाहीतर नळी तुंबते. शेजारच्या मुलीनं आत्याबाईंच्या मोबाइलमध्ये घंटा लावून दिल्या. भिंतीवरच्या कॅलेंडरात दुधाचा हिशोब लिहायची जागा असते ना, तिथे आत्याबाईंनी दुधाच्या हिशोबाशेजारी ढमीचा हिशोब मांडला. सकाळी इतके मिली, दुपारी इतके, उलटी झाली की फुली. डॉक्टर तो कागद पाहून फार खूश झाले. खरं सांगायचं तर त्या आधीच्या आठवड्यात आत्याबाईंचंच जेवण सुटलं होतं, आणि त्याची काळजी आम्हाला ढमीइतकीच होती. हिशोब मांडायला लागल्या तशा त्याही जेवू लागल्या.

ही नळी सहसा तीन ते सहा आठवडे ठेवावी लागते. ढमीची पाचव्या आठवड्यात काढली. एक गोष्ट मला तेव्हा कळली. ढमीला फक्त घाबरून बसण्याचं निमित्त झालं होतं, पण पुष्कळ मांजरांत या आजाराच्या मागे दुसराच आजार लपलेला असतो. स्वादुपिंडाची सूज, आतड्याचा विकार, मधुमेह, मूत्रपिंडाचा त्रास, किडलेले दात. साधी सर्दीसुद्धा पुरते! मांजर नाकानं जेवतं. नाक चोंदलं, वास आला नाही, की ताटात काहीही ठेवा, ते खात नाही. म्हणून डॉक्टर तपासण्या सांगतात तेव्हा 'कावीळच आहे ना, मग कशाला' असं म्हणू नये.

आता तापाच्या गोळीबद्दल. आपल्या प्रत्येकीच्या डब्यात पॅरासिटामॉल असतं. मूल तापलं की आपण ते सहज देतो. मांजराच्या यकृतात हे औषध निकामी करून बाहेर टाकण्याची सोय जवळजवळ नाहीच. पाचशे मिलिग्रॅमची एक गोळी चार किलोच्या मांजराचा जीव घ्यायला पुरते, आणि त्याहून कितीतरी कमी मात्रेतही विष चढतं. हिरड्या निळसर-चॉकलेटी होतात, तोंड आणि पंजे सुजतात, दम लागतो. अशा वेळी तासाभराचाही उशीर नको, डॉक्टरांकडे यावर उतारा असतो. माणसाची दुसरी कुठलीही वेदनाशामक गोळी स्वतःच्या मनानं देऊ नका. फिनेलनं फरशी पुसली तर ती पूर्ण वाळेपर्यंत मांजराला तिकडे फिरकू देऊ नये. ते पंजे चाटतं आणि विष पोटात जातं. कुत्र्याच्या गोचिडांची पावडरही त्याला लावू नये, तिच्यातली काही औषधं मांजराला सोसत नाहीत.

आणि फवारणी. २०१७ साली आपल्या शेजारच्या यवतमाळ जिल्ह्यात कापसावरच्या फवारणीनं शेतकरी-शेतमजुरांचे जीव गेले, ते आपण विसरलेलो नाही. फवारणीचे कपडे, पंप, रिकाम्या बाटल्या पडवीत ठेवल्या जातात आणि तिथेच मांजर अंग घासतं. ते अंग नंतर ते जिभेनं साफ करतं. खाणं सोडून लाळ गाळणारं मांजर शेतीच्या घरात दिसलं तर ही शंका डॉक्टरांना आवर्जून सांगा. उंदराच्या औषधानं मेलेला उंदीर खाल्ला असेल तर तेही सांगा.

खायला काय द्यायचं, हा प्रश्न मला सगळ्याजणी विचारतात. शाकाहारी घरात तो अवघडच असतो. दूध-पोळीवर मांजर पोट भरतं, पण त्याची गरज भागत नाही. टॉरिन नावाचं एक द्रव्य त्याला मांस-मासळीतूनच मिळतं. ते कमी पडलं तर डोळ्यांचा पडदा आणि हृदयाचे स्नायू बिघडतात. हृदयाचा हा संबंध १९८७ साली सिद्ध झाला आणि त्यानंतर मांजरांच्या तयार खाद्यात टॉरिन वाढवण्यात आलं. गावातली मांजरं दूध-पोळीवर जगतात असं आपल्याला वाटतं, कारण उरलेलं ती उंदरांवर भागवतात. स्लॅबच्या घरात कोंडलेल्या मांजरीला ती सोय नाही. आमच्याकडे चातुर्मासात अंडंसुद्धा घरात येत नाही. पण मांजरीला चातुर्मास लागू नाही, हे आत्याबाईंनी माझ्या सासूबाईंना ठणकावून सांगितलं. मीठ-मसाला न घातलेली उकडलेली कोंबडी, मासळी, उकडलेलं अंडं किंवा मांजरांचं तयार खाद्य, यातलं जमेल ते. कांदा-लसूण घातलेला रस्सा मात्र कधीच नाही, त्यानं मांजराच्या रक्तातल्या तांबड्या पेशी फुटतात. आणि मोठ्या झालेल्या पुष्कळ मांजरांना दूध पचत नाही, त्यांना जुलाब होतात. 'मांजर आणि दूध' ही जोडी आपल्या म्हणींत शोभते तेवढीच.

भूक मंदावलेल्या मांजराला अन्न कोमट करून द्यावं, म्हणजे वास येतो. पसरट ताटली घ्यावी. जागा शांत, कोपऱ्यातली. सुक्या झिंग्यांच्या वासानं काही मांजरं लगेच उठून येतात. जबड्यात बोटं घालून कोंबू मात्र नये. घास श्वासनलिकेत गेला तर न्यूमोनिया होतो, आणि एकदा का मांजराच्या मनात त्या अन्नाची अढी बसली की पुढे ते त्याकडे ढुंकूनही पाहत नाही.

लठ्ठ मांजरीला बारीक करायचं असेल तरी तिला उपाशी ठेवून नव्हे. "दोन दिवस काही देऊ नको, उंदीर पकडेल आपोआप" हा सल्ला मी गावात कितीदा तरी ऐकला आहे. तो साफ चुकीचा. वजन डॉक्टरांना विचारून हळूहळू, आठवड्याला शंभरातला एखादा भाग, इतक्याच गतीनं उतरवायचं.

मग डॉक्टरांकडे कधी जायचं? पूर्ण एक दिवस काहीच खाल्लं नाही तर कान टवकारा. दिवसाच्या उजेडात डोळ्यांचा पांढरा भाग, कानाची आतली बाजू आणि हिरड्या पाहा. दोन दिवस झाले तर वाट पाहू नका, मांजर वरून कितीही ठीक दिसो. लहान पिल्लाला अर्धा दिवसही पुष्कळ झाला. पिल्लू खात नाही, उलट्या आणि जुलाब आहेत, तर तो साथीचाही आजार असू शकतो आणि त्याला लस आहे. बोका वारंवार लघवीला बसतो आणि होत नाही, तर त्याच दिवशी न्या. लघवी अडकलेला बोका एक-दोन दिवसांत जातो. आणि हो, आजारी मांजर धरताना ते चावलं तर जखम साबणाच्या वाहत्या पाण्यानं पंधरा मिनिटं धुवा आणि रेबीजची लस घ्यायला दवाखान्यात जा. 'मांजरच तर आहे' म्हणू नका, मांजरालाही रेबीज होतो.

आपल्या भागातल्या मैत्रिणींसाठी: जनावरांच्या सरकारी दवाखान्यात मांजर नेता येतं, लाजू नका. मोठ्या तपासण्यांसाठी नागपूरला सेमिनरी हिल्सवर पशुवैद्यकीय महाविद्यालयाचा दवाखाना आहे. हे महाविद्यालय १९५८ पासूनचं, आणि आता महाराष्ट्र पशु व मत्स्य विज्ञान विद्यापीठाकडे आहे. जाताना मांजर टोपलीत किंवा खोक्यात, वरून कापड टाकून न्या. शेवटचं कधी खाल्लं, किती उलट्या झाल्या, घरात कुठली औषधं-फवारे आहेत, हे कागदावर लिहून न्या. तिथे पोचल्यावर घाबरून काही आठवत नाही.

लग्नसराईत किंवा माहेरी चार-आठ दिवस जाताना आपण शेजारणीला सांगून जातो, "मांजरीला वाटीभर काहीतरी टाकत जा." तिला एवढंच आणखी सांगा, की वाटी ठेवून परत फिरू नको, मांजर खाताना डोळ्यांनी पाहा. वाटी रिकामी दिसली म्हणजे आपल्याच मांजरीनं खाल्लं असं होत नाही. कावळे आहेत, मुंग्या आहेत आणि शेजारचा बोका तर आहेच.